मजुराची हजेरी चव्हाट्यावर, साहेबांचा पगार पडद्याआड!

एका नगरपरिषदेचे चार ओळींचे पत्र आमच्या टेबलावर पडून आहे. ठेक्यावर झाडलोट करणाऱ्या एका भगिनीने माहिती अधिकारात अर्ज केला होता. अर्ज आम्हीच लिहून दिला होता. तिने तीन गोष्टी मागितल्या. नगरपरिषदेच्या कायम कर्मचाऱ्यांची नावे, पदे व मासिक वेतन. सफाईच्या ठेकेदाराला गेल्या वर्षभरात दिलेली बिले. आणि त्या ठेकेदाराने नगरपरिषदेला सादर केलेला मजुरांचा हजेरीपट व वेतनपट. उत्तर आले : मागितलेली माहिती वैयक्तिक स्वरूपाची असल्याने कलम ८ (१) (ञ) अन्वये देता येत नाही.

त्या वेतनपटावर या भगिनीचे स्वतःचेही नाव आहे. तिच्या नावापुढे अंगठा आहे, त्या अंगठ्यापुढे रक्कम आहे, आणि ती रक्कम तिच्या हातात कधीच पडलेली नाही अशी तिची तक्रार आहे. आपल्याच मजुरीचा आकडा आपल्याला दाखवला, तर नेमका कोणाच्या खासगीपणाचा भंग होतो, याचे उत्तर त्या चार ओळींत नाही. ते असणारही नाही, कारण पत्राचा मसुदा छापील होता. फक्त नाव आणि तारीख पेनाने भरली होती.

हा एका कचेरीचा आडमुठेपणा असता, तर आम्ही ही जागा त्यासाठी खर्ची घातली नसती. परंतु सरकारी पगार जाहीर असावा की गुप्त, हा वाद आता देशभर नव्याने उकरला जात आहे आणि त्याची झळ पहिल्यांदा कोणाला बसते ते या पत्रातून दिसते.

आधी कायदा पाहू. माहितीचा अधिकार अधिनियम १२ ऑक्टोबर २००५ पासून पूर्णपणे अमलात आला. त्याच्या कलम ४ (१) (ख) मध्ये सतरा बाबी आहेत. त्या प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने कोणी मागण्याची वाट न पाहता स्वतःहून प्रसिद्ध करावयाच्या आहेत. कचेऱ्यांत याला 'चार एक ब' म्हणतात. त्यातली दहावी बाब म्हणजे प्रत्येक अधिकाऱ्याला व कर्मचाऱ्याला मिळणारे मासिक वेतन. शब्द 'प्रत्येक' आहे. संवर्गनिहाय सरासरी नव्हे, वर्ग एकचे इतके आणि वर्ग चारचे तितके असेही नव्हे. संसदेला हे गोपनीय ठेवायचे असते, तर तिने ते यादीत घातलेच नसते. आजही ही दहावी बाब कायद्यात जशीच्या तशी आहे.

मग हे नकाराचे बळ आले कुठून? कलम ८ (१) (ञ) मध्ये वैयक्तिक माहितीला पूर्वीही संरक्षण होते, पण त्याला दोन कुंपणे होती. ज्या माहितीचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही किंवा जी उघड केल्याने खासगीपणावर अकारण आक्रमण होईल, तेवढीच माहिती नाकारता येत असे. आणि तीही व्यापक जनहित असेल तर द्यावी लागे. शेवटी एक परंतुक होते, आणि आमच्या मते तेच या कायद्याचे काळीज होते. जी माहिती संसदेला किंवा राज्य विधानमंडळाला नाकारता येणार नाही, ती कोणत्याही व्यक्तीला नाकारता येणार नाही, असे त्याचे म्हणणे होते. म्हणजे झाडू मारणारी बाई आणि आमदार, माहितीच्या दारात दोघे एका रांगेत. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ च्या कलम ४४ (३) ने ही कुंपणेही काढली आणि परंतुकही काढले. १४ नोव्हेंबर २०२५ पासून ही दुरुस्ती अमलात आहे. आता तिथे उरले आहे ते एवढेच : वैयक्तिक माहितीशी संबंधित माहिती देण्याचे बंधन नाही.

खरे म्हणजे घसरण त्याआधीच सुरू झाली होती. ऑक्टोबर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गिरीश रामचंद्र देशपांडे या प्रकरणात कर्मचाऱ्याला दिलेले मेमो, कारणे दाखवा नोटिसा, शिक्षेचे आदेश आणि प्राप्तिकराची विवरणपत्रे ही वैयक्तिक माहिती ठरवली. निकाल त्या कागदांपुरता होता. पण पुढे माहिती अधिकाऱ्यांनी त्याचा रबरी शिक्का केला आणि पगार, भत्ते, नेमणुकीचे आदेश, जे येईल त्यावर तो उठवला. मग २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे सांगितले. या निकालाचे आम्ही त्या वेळीही स्वागत केले होते, आजही करतो. माणसाची प्रतिष्ठा हा ज्या संविधानाचा पाया आहे, त्यात हा अधिकार असणारच. परंतु तो अधिकार राज्याच्या हातून नागरिकाला वाचवण्यासाठी आहे. राज्यानेच तो ढाल म्हणून नागरिकापुढे धरावा, हा त्या निकालाचा उलटा अर्थ आहे.

आमच्या काही समाजबांधवांना हे लिखाण रुचणार नाही, याची आम्हाला कल्पना आहे. चळवळीचा मोठा भाग नोकरदार आहे. रेल्वे, बँका, पोस्ट, जिल्हा परिषदा, महापालिका यांतील आमच्या माणसांनीच विहारे बांधली, वसतिगृहे चालवली, ही वृत्तपत्रेही जगवली. त्यातील कित्येकांनी आम्हाला विचारले, "वकीलसाहेब, पगार कशाला चव्हाट्यावर मांडायचा? गावाकडचे नातेवाईक उसने मागायला येतात, पोरीच्या लग्नात सोयरे हुंड्याचा हिशेब मांडतात." एक जण हसत म्हणाले, चौदा एप्रिलची पावती आता पगार पाहूनच फाडली जाईल. (ती तशी फाडली गेली तर आमची तक्रार नाही. मिळकतीचा विसावा हिस्सा धम्मासाठी द्यावा हे १९५६ सालीच सांगून झाले आहे.)

विनोद बाजूला ठेवू. या तक्रारीतला एक भाग खरा आहे आणि तो आम्ही न्यायालयात रोज पाहतो. माहिती अधिकाराचे अर्ज मागासवर्गीय अधिकाऱ्यांना छळण्यासाठीही केले जातात. सेवापुस्तकाची प्रत मागा, जातवैधतेची प्रत मागा, रजेचे अर्ज मागा, वैद्यकीय बिले मागा, आणि साहेब बधला नाही की वर्तमानपत्रात बातमी द्या. ज्या खेड्यात आमचा ग्रामसेवक किंवा तलाठी एकटाच राहतो, जिथे त्याला भाड्याने खोली मिळायला चार महिने लागले, तिथे त्याच्या नावापुढे प्रवर्ग, घरचा पत्ता आणि मोबाईल नंबर छापून भिंतीवर लावणे म्हणजे पारदर्शकता नव्हे. नोकरी करणाऱ्या महिलेचा नंबर चावडीवर लावल्यावर तिच्या फोनची काय अवस्था होते, हे विचारायला फार लांब जावे लागत नाही.

म्हणून पगार आणि पगाराची चिठ्ठी यांत फरक केला पाहिजे. पगार शासनाने ठरवला आहे. सातव्या वेतन आयोगाचे तक्ते शासनाच्या निर्णयासह छापलेले आहेत. पद, स्तर आणि सेवेची वर्षे माहीत असली की कोणीही शाळकरी पोरगा मूळ वेतनाचा अंदाज बांधू शकतो. त्यात गुप्त ते काय? गुप्त असते ते चिठ्ठीच्या उजव्या बाजूला, कपातीच्या रकान्यात. पतपेढीचे कर्ज किती, घराचा हप्ता किती, विमा कोणाच्या नावे, न्यायालयाच्या आदेशाने पोटगीची जप्ती आहे का, भविष्य निर्वाह निधीतून आजारपणासाठी उचल घेतली का. हे सर्व त्या माणसाच्या घरातले आहे. बँक खाते, पॅन, आधार, घरचा पत्ता, वैयक्तिक फोन, प्रवर्ग, अपंगत्व, यांतले काहीही पगाराच्या यादीत असण्याचे कारण नाही. नाव, पदनाम, वेतनस्तर आणि एकूण वेतन व भत्ते, एवढे जाहीर झाले की कलम ४ चे काम झाले. मागासवर्गीयांचा अनुशेष शोधायला बिंदुनामावली आहे. त्यासाठी पगाराच्या यादीत जात घालावी लागत नाही.

पगार ही खासगी बाब आहे, हा विचार आपल्या संविधानाच्या प्रकृतीतही नाही. मूळ संविधानाची दुसरी अनुसूची उघडून पाहावी. राष्ट्रपतींना दरमहा १०,००० रुपये, राज्यपालांना ५,५००, भारताच्या सरन्यायाधीशांना ५,००० आणि सर्वोच्च न्यायालयाच्या इतर न्यायाधीशांना ४,००० रुपये, असे आकडे त्यात छापले होते. देशाच्या पहिल्या नागरिकाचा पगार देशाच्या मूळ कायद्यात लिहिला गेला आणि त्याने कोणाची अप्रतिष्ठा झाली नाही. त्याआधी १९३७ साली मुंबईच्या विधानसभेत मंत्र्यांच्या पगाराचे विधेयक आले, तेव्हा पाचशे रुपयांच्या पगारावरून चाललेल्या त्यागाच्या जयघोषाला बाबासाहेबांनी विरोध केला होता. पगार कमी की जास्त हा त्यांचा मुद्दा नव्हता. पात्र माणसे येतील का, कारभार स्वच्छ राहील का, या कसोट्यांवर पगार तपासला पाहिजे, अशी त्यांची मांडणी होती. आणि ती त्यांनी भर सभागृहात केली.

आता दुसरी बाजू पाहा. या देशात गरिबाचा खासगीपणा कोणी जपला? २००५ च्या ग्रामीण रोजगार हमी कायद्याखाली ज्यांनी खडी फोडली, तळी खोदली, त्यांची नावे, जॉबकार्डाचे क्रमांक, अनुसूचित जातीचा की जमातीचा, किती दिवस कामावर आला आणि किती मजुरी मिळाली, हे सारे वर्षानुवर्षे शासनाच्या संकेतस्थळावर जगातल्या कोणालाही पाहता येत होते. दारिद्र्यरेषेच्या याद्या ग्रामपंचायतीच्या भिंतीवर, घरकुलाच्या याद्या चावडीवर. राजस्थानातील दौसा जिल्ह्यात तर २०१७ साली प्रशासनाने स्वस्त धान्य घेणाऱ्या कुटुंबांच्या घरांच्या भिंतींवर, हे कुटुंब गरीब आहे, अशी अक्षरे रंगवली. कोणा सचिवाच्या बंगल्यावर त्याचा वेतनस्तर कोणी रंगवल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

मजुरांच्या याद्या उघड असण्याला आमचा विरोध नाही, हे नीट समजून घ्यावे. माहितीचा अधिकार जन्मला तोच मजुरांच्या हजेरीपटातून. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने डिसेंबर १९९४ पासून जनसुनवाया घेतल्या. सरकारी कामाचे मस्टर गावासमोर मोठ्याने वाचले गेले आणि मेलेली माणसे, गाव सोडून गेलेली माणसे कामावर हजर असल्याचे उघड झाले. मजुरांनी आपली नावे उघड होऊ दिली, कारण त्यांना आपली मजुरी वाचवायची होती. पण ज्या कायद्यासाठी मजुराने आपला हजेरीपट उघडा केला, त्याच कायद्याचे दार साहेबाच्या वेतनपटाशी येऊन बंद होत असेल, तर त्यास खासगीपणा म्हणत नाहीत. त्यास वर्णव्यवस्था म्हणतात.

उघड यादीने काय साधते, याची उदाहरणे आमच्याच राज्यात आहेत. नागपूर विभागात २०२५ साली शालार्थ प्रणालीतील बोगस ओळख क्रमांकांचा घोटाळा बाहेर आला. ज्यांची नेमणूक नियमाने झालीच नव्हती, अशांच्या नावे शासनाच्या तिजोरीतून शिक्षकांचे पगार निघत राहिले. शिक्षण खात्यातील अधिकाऱ्यांना अटक झाली. प्रत्येक शाळेच्या दारावर त्या शाळेच्या नावे पगार घेणाऱ्यांची यादी दरवर्षी लागली असती, तर हा उद्योग इतका काळ चालला असता काय? गावातल्या चौथीच्या पोरानेच सांगितले असते की हे गुरुजी आम्ही कधी पाहिले नाहीत. आणि इकडे आमचे बी.एड., डी.एड. झालेले तरुण शिक्षकभरतीची वाट पाहत वय घालवतात.

दुसरे उदाहरण कुटुंब न्यायालयातले. नवऱ्याने टाकून दिलेली बाई पोटगी मागते आणि जिल्हा परिषदेत कायम नोकरीला असलेला नवरा शपथेवर सांगतो की मी रोजंदारीवर आहे. अशी माणसे आमच्या वस्त्यांतही आहेत, हे लपवून काय उपयोग? मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०१८ साली पोटगीच्या वादात नवऱ्याच्या पगाराची माहिती ही निव्वळ वैयक्तिक राहत नाही, असे स्पष्ट केले. नोव्हेंबर २०२० मध्ये रजनेश विरुद्ध नेहा या निकालात सर्वोच्च न्यायालयाने पोटगीच्या प्रत्येक प्रकरणात दोन्ही पक्षांनी उत्पन्न व मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र देणे बंधनकारक केले. पण खोटे प्रतिज्ञापत्र खोडून काढायला हातात कागद लागतो. तो कागद मिळवण्याची जी स्वस्त वाट होती, दहा रुपयांच्या अर्जाची, तिच्यावर आता काटे पसरले आहेत.

आणि सर्वांत मोठा अंधार आहे तो ठेक्यात. महापालिका, नगरपरिषदा, सरकारी रुग्णालये, विद्यापीठे, जिथे जिथे घाणीचे काम आहे तिथे कायम पदे रिकामी ठेवून ठेकेदार आणला गेला. आरक्षण तिथेच संपले, निवृत्तिवेतन तिथेच संपले. काम करणारी माणसे मात्र तीच राहिली, त्याच वस्त्यांतली. नगरपरिषदेच्या पगाराच्या यादीत हे लोक नाहीत, कारण ते कर्मचारी नाहीत. ठेकेदार म्हणतो तो सरकारी प्राधिकरण नाही, म्हणून तो माहिती देणार नाही. दोन्हींच्या मध्ये जनतेच्या कराचा पैसा गडप होतो. मुंबई महापालिकेतील २,७०० सफाई कामगारांना कायम करण्याच्या आदेशावर ७ एप्रिल २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिक्कामोर्तब केले. त्यासाठी कचरा वाहतूक श्रमिक संघाला औद्योगिक न्यायाधिकरणापासून दिल्लीपर्यंत झगडावे लागले. त्यानंतरही यादीतील नाव आणि कागदावरचे नाव जुळत नाही, या सबबीवर कित्येकांची नेमणूक रखडली. ज्याचे नाव वेळच्या वेळी योग्य यादीत छापले गेले नाही, त्याला कामगार असूनही आपण कामगार आहोत हे सिद्ध करत बसावे लागते.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. जुना १९७० चा ठेका मजूर कायदा गेला, तरी ठेकेदाराने मजुरी बुडवली तर ती देण्याची जबाबदारी मुख्य मालकावर, म्हणजे इथे नगरपरिषदेवर येते, हे तत्त्व २०२० च्या संहितेच्या कलम ५५ मध्ये कायम आहे. ज्याच्यावर मजुरी देण्याची अंतिम जबाबदारी आहे, त्याच्या ताब्यातला वेतनपट हा त्याचा सरकारी दस्तऐवज झाला. तो वैयक्तिक कसा? मात्र ठेका मजुरीच्या या तरतुदी पन्नास किंवा अधिक मजूर असलेल्या ठेकेदारालाच लागू आहेत, म्हणून लहान गावात एकाच कामाचे तीन ठेके पाडले जातील, याकडे कामगार संघटनांनी आतापासूनच डोळे उघडे ठेवावेत.

सरकारची बाजू अशी मांडली जाते की कलम ८ (२) तर आहे ना. जनहित संरक्षणापेक्षा मोठे असेल तर माहिती देता येते. येते, खरे आहे. पण पूर्वी नाकारणाऱ्याला कारण द्यावे लागे, आता मागणाऱ्याला जनहित पटवून द्यावे लागणार. वकील असलेल्या माणसाला ते जमेल. सकाळी पाचला झाडू घेऊन निघणाऱ्या बाईला जमेल काय? शिवाय कलम ८ ची सुरुवातच 'या अधिनियमात काहीही अंतर्भूत असले तरी' अशी आहे. उद्या एखादा हुशार अधिकारी म्हणेल की कलम ४ मधली पगाराची दहावी बाबही आता यापुढे निष्प्रभ झाली. आमच्या मते तसे म्हणता येणार नाही. २०२३ च्याच अधिनियमाचे कलम ३ (ग) सांगते की कोणत्याही कायद्याच्या बंधनामुळे जो वैयक्तिक डेटा सार्वजनिक करावा लागतो, त्यास हा अधिनियम लागू नाही. पगार सार्वजनिक करण्याचे बंधन कलम ४ ने घातलेले आहे. तेव्हा नवीन कायद्याचे नाव घेऊन जुनी यादी संकेतस्थळावरून उतरवण्याचा अधिकार कोणत्याही कचेरीला नाही.

म्हणून आमच्या कार्यकर्त्यांना सांगणे आहे की यापुढे अर्ज लिहिताना शब्द जपून वापरावेत. 'अमुक साहेबांचा पगार द्या' असे न लिहिता 'कलम ४ (१) (ख) मधील बाब क्रमांक दहा अन्वये प्रसिद्ध केलेल्या माहितीची प्रत द्या' असे लिहावे. प्रसिद्ध केलेली नसेल तर तसे लेखी मागावे. ठेक्याच्या बाबतीत निविदा, करारनामा, मंजूर मजूरसंख्या, दर आणि अदा केलेली बिले वेगळी मागावीत. त्यात कोणाचेही नाव येत नाही. वेतनपट मागताना बँक खाते व आधार क्रमांक झाकून प्रत द्यावी असे आपणच लिहून द्यावे. कलम १० मध्ये तशी सोय आहे; झाकता येण्यासारखा भाग झाकून उरलेला कागद द्यावाच लागतो. आणि अर्जाच्या शेवटी दोन ओळींत कलम ८ (२) खालील जनहित मांडायला विसरू नये.

त्या भगिनीच्या प्रकरणात प्रथम अपील फेटाळले गेले. आम्ही नव्वद दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील दाखल केले आहे. सुनावणीची तारीख अद्याप लागलेली नाही. ठेका मात्र मार्चअखेर संपतो आणि नवीन ठेकेदार जुन्या मजुरांना ठेवणारच, असे कोणी लिहून दिलेले नाही. तरीही ती म्हणाली, "साहेब, अर्ज मागे घेऊ नका. माझ्या अंगठ्यापुढं किती लिवलंय, तेवढं मला बघायचंय."